ग्रबमधल्या चुकीचा माग

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्याच्या हिशेबाच्या खोलीत जो संगणक आहे, त्यावर विंडोज आणि उबुंटू अशा दोन कार्यप्रणाली बसवलेल्या आहेत. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन-तीन नावांची यादी येते आणि हवे ते नाव निवडून काम सुरू करता येते. मालकांच्या धाकट्या मुलाला त्या यादीत वडिलांच्या सोयीसाठी एक वेगळी नोंद हवी होती. त्याने पुस्तकातले पाहून पाच ओळी लिहिल्या, ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड चालवली (ग्रब म्हणजे ती यादी दाखवणारा प्रोग्रॅम) आणि पडद्यावर संदेश आला की तयार झालेल्या ग्रब कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सिंटॅक्सच्या, म्हणजे व्याकरणाच्या, चुका आढळल्या आहेत. त्याच्या वरच्या ओळीत लिहिले होते, ‘सिंटॅक्स एरर ॲट लाइन २१४’. मी पोहोचलो तेव्हा तो दोन फाइली उघडून बसला होता. म्हणाला, “काका, ही फाइल पस्तीस ओळींची, ती दहा ओळींची. दोनशे चौदावी ओळ आणायची कुठून?”

हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि ग्रबच्या चुका शोधताना बहुतेकांची गाडी नेमकी याच ठिकाणी अडते. संदेशात सांगितलेली ओळ खरी असते, परंतु ती आपण लिहिलेल्या फाइलमधली नसते. ती कोणत्या फाइलमधली आणि तिथून आपल्या चुकीपर्यंत मागे कसे यायचे, हे एकदा समजले की उरलेले काम चिकाटीचे आहे, भीतीचे नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करतो. या लेखात फाइलींची नावे आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, पण संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात. ‘ग्रब_टाइमआउट’ यांसारखी सेटिंगची नावे पूर्णपणे कॅपिटल अक्षरांत असतात आणि कमांड बहुतांशी स्मॉल अक्षरांत.

संगणकाचे बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचा यूईएफआय किंवा जुना बायोस हा प्राथमिक प्रोग्रॅम जागा होतो. त्याला लिनक्स (उबुंटू ज्या कुळातली ती कार्यप्रणाली) म्हणजे काय हे ठाऊक नसते. तो फक्त एका लहान प्रोग्रॅमला काम सोपवून मोकळा होतो. हा लहान प्रोग्रॅम म्हणजे बूट लोडर. लिनक्सवर बहुधा ग्रब हा बूट लोडर असतो. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. जुन्या ग्रबची कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे साधी यादी होती. पुढे तो नव्याने लिहिला गेला, २०१२ मध्ये त्याची २.०० ही आवृत्ती आली, आणि या नव्या ग्रबची फाइल म्हणजे एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषाच आहे. तिच्यात अटी आहेत, व्हेरिएबल आहेत, महिरपी कंसांत बांधलेले खंड आहेत. भाषा आली की व्याकरण आले, आणि व्याकरण मोडले की जी चूक होते तिलाच सिंटॅक्स एरर म्हणतात. अर्थ बरोबर आहे की चूक, हा पुढचा प्रश्न. मुळात वाक्यच पुरे होत नाही, अशी ही अडचण असते.

आता त्या दोनशे चौदाव्या ओळीकडे येऊ. ती समजून घेण्यासाठी सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही, कारण जकार्डवर विणली जाणारी चादर त्यांनी पाहिलेली असते. फ्रान्समधील लियोंच्या जोसेफ जकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही रचना अशी आहे: कलाकार आधी ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवून नक्षी काढतो. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडली जातात आणि कार्डे ओवून त्यांची साखळी मागावर चढवली जाते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक कार्ड पुढे येते. जिथे छिद्र असेल तिथला हूक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर उभा धागा वर येतो. माग ग्राफ कधीच पाहत नाही. त्याला फक्त कार्ड कळते. मोराच्या मानेत एखादा चौकोन तुटलेला दिसला, तर विणकर तेवढ्या कार्डावर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेईल. पण चूक ग्राफमध्येच असेल, तर कार्डांचा पुढचा संच पाडताना तीच तुटकी मान पुन्हा उमटेल. (आता इलेक्ट्रॉनिक जकार्डही आले आहेत, तरीही मूळ नक्षी एक आणि मागाला दिलेला हुकूम दुसरा, हा भेद तसाच आहे.)

ग्रबमध्ये ग्राफचे काम दोन ठिकाणी चालते. एक म्हणजे ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल, जिच्यात यादी किती सेकंद दाखवायची, कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, कोणते शब्द द्यायचे अशी सेटिंग असतात. दुसरे म्हणजे ‘/ईटीसी/ग्रब.डी’ हे फोल्डर, ज्यात ‘००_हेडर’, ‘१०_लिनक्स’, ‘३०_ओएस-प्रोबर’, ‘४०_कस्टम’ अशा क्रमांक दिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांडच्या ओळी लिहिलेल्या फाइली, असतात. कार्डे पाडणारा कारागीर म्हणजे ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’ हा प्रोग्रॅम. उबुंटू आणि डेबियनमधील ‘अपडेट-ग्रब’ ही त्यालाच हाक मारणारी छोटी कमांड आहे. तो आधी सेटिंगची फाइल वाचतो, मग फोल्डरमधल्या स्क्रिप्ट क्रमाने चालवतो, आणि त्यांनी जे जे छापले ते एकापुढे एक जोडून ‘/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ ही लांबलचक फाइल तयार करतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये ‘/बूट’मधल्या या फोल्डरचे नाव ‘ग्रब२’ असते आणि कमांड ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’. संगणक सुरू होताना ग्रब पाहतो ती हीच तयार फाइल. दोनशे चौदावी ओळ होती ती या कार्डांच्या साखळीतली.

इथे या कारागिराचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तो नवी फाइल थेट जुन्या फाइलवर लिहीत नाही. आधी ‘ग्रब.सीएफजी.न्यू’ या नावाने वेगळी फाइल तयार करतो, ‘ग्रब-स्क्रिप्ट-चेक’ या प्रोग्रॅमकडून तिचे व्याकरण तपासून घेतो, आणि तपासणीत ती उत्तीर्ण झाली तरच जुनीच्या जागी नवी ठेवतो. म्हणजे सिंटॅक्स एररचा संदेश दिसला, तेव्हा कालपर्यंत चालणारी फाइल जागेवर सुरक्षित असते. कारखान्यातला मुलगा संगणक बंद करायलाही घाबरत होता, कारण पुन्हा सुरू झाला नाही तर महिन्याचा हिशेब अडकेल, अशी त्याची समजूत झाली होती. तशी भीती बाळगण्याचे कारण नव्हते. नुकसान होते ते लोक घाईने ‘ग्रब.सीएफजी’ हीच फाइल उघडून हाताने दुरुस्त करू लागतात तेव्हा. तिथे तपासणारा कोणी नसतो. शिवाय कर्नलचे पुढचे अपडेट आले की ती फाइल नव्याने तयार होते आणि हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते. म्हणूनच तिच्या पहिल्याच ओळींत ‘ही फाइल संपादित करू नका’ अशी इंग्रजीत सूचना छापलेली असते.

चूक दोन टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यावर झाली, हे संदेशावरूनच ओळखता येते. सेटिंगची फाइल वाचतानाच गाडी अडली, तर तक्रार शेलची, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, असते, तिच्यात बहुधा ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ हे नाव आणि त्याच फाइलमधला ओळ क्रमांक असतो, आणि काम तिथेच थांबते. ही सोपी बाजू. ती फाइल दिसायला साधी यादी वाटते, पण प्रत्यक्षात शेल तिला स्क्रिप्टप्रमाणे वाचतो, हे लक्षात ठेवले की तिथल्या चुका आपोआप उलगडतात. ‘ग्रब_टाइमआउट = १०’ असे कोणी नीटनेटकेपणाच्या सवयीने बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस सोडून लिहिले, तर शेलला वाटते की ‘ग्रब_टाइमआउट’ नावाची कमांड चालवायची आहे आणि ‘=’ व ‘१०’ हे तिला दिलेले शब्द आहेत. अशी कमांड सापडत नाही, म्हणून ‘नॉट फाउंड’ असा संदेश येतो. बरोबरच्या चिन्हाच्या डावी-उजवीकडे स्पेस न सोडता दोन्हीकडे चिकटूनच लिहायचे, असा हा नियम आहे.

अवतरण चिन्हांचे घोटाळे याहून जास्त वेळा होतात. लॅपटॉपच्या पडद्याचा प्रकाश कमी-जास्त व्हावा म्हणून पुष्कळ जण कर्नलला द्यायच्या शब्दांत ‘एसीपीआय_ओएसआय’ हा शब्द वाढवतात. त्याची किंमत ‘विंडोज २०१५’ अशी दोन शब्दांची असल्याने तिला दुहेरी अवतरणात घालतात, आणि बाहेरच्या पूर्ण मजकुराला आधीच दुहेरी अवतरण असते. आतले पहिले चिन्ह आले की शेलच्या दृष्टीने बाहेरचे अवतरण तिथेच मिटले. मग ‘विंडोज’ नंतरची स्पेस ओलांडून उरलेले ‘२०१५’ त्याला कमांड वाटते आणि ‘२०१५: नॉट फाउंड’ असा चमत्कारिक संदेश येतो. संदेशात संख्या कमांड म्हणून दिसली, की अवतरण मध्येच मिटले आहे असे समजावे. बाहेर दुहेरी आणि आत एकेरी चिन्ह वापरले की हा प्रश्न सुटतो.

तिसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून ओळ उचलून चिकटवली की सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात. शेलच्या लेखी ती अवतरण चिन्हेच नव्हेत, साधी अक्षरे आहेत. त्यामुळे ‘क्वाएट स्प्लॅश’ या दोन शब्दांतला दुसरा शब्द सुटा पडतो आणि त्याची कमांड होते. फाइल विंडोजमध्ये उघडून जतन केली असेल, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला एक अदृश्य चिन्ह येते. या दोन्हींचा छडा ‘कॅट’ या कमांडला कॅपिटल ‘ए’ हा पर्याय देऊन लागतो: ओळ संपते तिथे डॉलरचे चिन्ह दिसले पाहिजे. त्याच्याआधी ‘^एम’ दिसले तर फाइल विंडोजमधून आली आहे, आणि वळणदार चिन्हांच्या जागी ‘एम-’ ने सुरू होणारी विचित्र अक्षरे दिसतात.

‘एसएच -एन’ ही कमांड फाइल न चालवता तिचे व्याकरण तपासते, म्हणून अनेक जण तिच्यावर विसंबतात. न मिटलेले अवतरण ती पकडते. मात्र बरोबरच्या चिन्हाभोवतीची स्पेस ती पकडत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष आहे. फक्त अशी कमांड अस्तित्वात नाही, आणि ते चालवल्याशिवाय कळत नाही. त्याचप्रमाणे ‘टाइमआउट’चे स्पेलिंग चुकले, तर कोणीच तक्रार करत नाही. चुकीच्या नावाचे एक व्हेरिएबल तयार होते, त्याला कोणी विचारत नाही, आणि आपण म्हणतो की सेटिंग बदलूनही काही फरक पडला नाही.

दुसऱ्या टप्प्यावरची चूक म्हणजे सेटिंगची फाइल नीट वाचली गेली, सगळ्या स्क्रिप्ट चालल्या, पण तयार झालेली फाइल तपासणीत नापास झाली. कारखान्यात झाले ते हेच. अशा वेळी उघडायची फाइल म्हणजे ‘ग्रब.सीएफजी.न्यू’. ‘लेस’ या कमांडला कॅपिटल ‘एन’ हा पर्याय दिला की ओळींचे क्रमांकही दिसतात. सांगितलेल्या ओळीवर जावे आणि तिथून वर वर सरकावे. प्रत्येक स्क्रिप्टने छापलेल्या भागाच्या आधी ‘### बिगिन /ईटीसी/ग्रब.डी/१०_लिनक्स ###’ अशा घाटाची ओळ असते आणि शेवटी ‘एंड’ची. ही ओळ म्हणजे कार्डावर लिहिलेले ग्राफचे नाव. ती सापडली की चूक कोणत्या मूळ फाइलमधून आली ते कळते. ती ओळ ‘१०_लिनक्स’ची निघाली आणि त्या स्क्रिप्टला आपण हातही लावला नसेल, तर बहुधा सेटिंगमधला एखादा मजकूर कर्नलच्या ओळीत जसाच्या तसा येऊन बसला आहे. अर्धविराम, उभी रेघ, ‘अँड’चे चिन्ह, महिरपी कंस, लहान-मोठेपणाची चिन्हे आणि डॉलर यांना ग्रबच्या भाषेत खास अर्थ आहे, त्यामुळे अवतरणाबाहेर ती चिन्हे आली की वाक्य मोडते.

ओळ क्रमांकाबद्दल अनुभवाने पटलेली एक गोष्ट सांगतो. व्याकरण तपासणाऱ्याला चूक ‘कळली’ ती ओळ तो सांगतो. चूक ‘झाली’ ती ओळ त्याच्या वर कुठेही असू शकते. महिरपी कंस उघडला आणि मिटलाच नाही, तर तपासणारा तो मिटण्याची वाट पाहत थेट फाइलच्या तळापर्यंत जातो. म्हणून फाइल एकूण किती ओळींची आहे ते ‘डब्ल्यूसी -एल’ या कमांडने आधी पाहावे. मुलाच्या फाइलमध्ये एकूण ओळी होत्या २१४. सांगितलेली ओळ हीच शेवटची ओळ असेल, तर काहीतरी उघडले आहे आणि मिटलेले नाही, हे जवळजवळ ठरलेले असते.

आम्ही तळापासून वर सरकत ‘४०_कस्टम’च्या भागापर्यंत आलो. ही स्क्रिप्ट वेगळी आहे. तिच्या पहिल्या दोन ओळींचा अर्थ एवढाच की तिसऱ्या ओळीपासून पुढचे सगळे जसेच्या तसे छापावे. म्हणून आपल्या स्वतःच्या नोंदी तिथे लिहितात. (त्या दोन ओळींच्या मध्ये कोणी टीप घातली तर ही मोजणी बिघडते आणि भलतीच ओळ छापली जाते, म्हणून त्यांना हात लावू नये.) मुलाची नोंद ‘मेनूएंट्री’ या शब्दाने सुरू होत होती, पुढे एकेरी अवतरणात नाव, मग स्पेस, मग उघडणारा महिरपी कंस, खाली तीन ओळी आणि शेवटी मिटणारा कंस. कंस बरोबर होते. मी त्याला नाव एकेक अक्षर करून वाचायला सांगितले. त्याने इंग्रजीत ‘पप्पाज अकाउंट’ असे लिहिले होते, आणि ‘पप्पा’नंतर इंग्रजी रीतीप्रमाणे ॲपॉस्ट्रॉफी घातली होती. ती आणि एकेरी अवतरण चिन्ह ही संगणकाच्या लेखी एकच खूण. नाव ‘पप्पा’पाशीच मिटले, ‘एस अकाउंट’ उघड्यावर पडले, आणि नावाच्या शेवटी जे मिटणारे चिन्ह होते त्याने नवे अवतरण उघडले. त्या अवतरणाने महिरपी कंस, खालच्या ओळी आणि पुढचा ‘४१_कस्टम’चा पूर्ण भाग गिळला, कारण पुढे एकेरी चिन्ह कुठेच नव्हते.

‘ग्रब-स्क्रिप्ट-चेक’ने फाइल उत्तीर्ण केली म्हणजे संगणक सुरू होईलच, असेही समजू नये. ती फक्त व्याकरण पाहते. ‘लिनक्स’ या कमांडचे स्पेलिंग चुकवले, तरी ती काही बोलणार नाही. चूक उघड होते ती त्या नोंदीवर एंटर दाबल्यावर, जेव्हा ग्रब म्हणतो की अशी कमांड सापडत नाही. त्या वेळी एस्केप दाबून यादीत परत यावे आणि दुसरी चालू नोंद निवडावी. नोंदीवर ‘ई’ दाबले तर तिच्या ओळी तात्पुरत्या दुरुस्तही करता येतात. तो बदल तेवढ्याच वेळेपुरता असतो, म्हणून कल्पना पडताळण्यासाठी ही जागा उत्तम.

आणि कोणी थेट ‘ग्रब.सीएफजी’ बिघडवलीच, यादीच आली नाही आणि समोर नुसते ‘ग्रब>’ आले, तरी ग्रबचे सगळे भाग हाताशी असतात. ‘एलएस’ने डिस्कचे भाग पाहावेत. ‘एलएस (एचडी०,जीपीटी२)/बूट’ अशा रीतीने एकेका भागात डोकावून कर्नल कुठे आहे ते शोधावे. मग ‘सेट रूट’ने तो भाग सांगावा, ‘लिनक्स’ने कर्नल आणि त्यापुढे मूळ विभाजनाचे (डिस्कच्या ज्या भागात लिनक्स आहे त्याचे) नाव द्यावे, ‘इनिटआरडी’ने सोबतची फाइल द्यावी आणि ‘बूट’ म्हणावे. टॅब दाबल्यावर नावे पुरी होतात. डिस्कची मोजणी शून्यापासून आणि विभाजनांची एकपासून, हे विसरू नये. जुन्या ग्रबमध्ये विभाजनेही शून्यापासून मोजत, म्हणून जुन्या पुस्तकातले आकडे इथे चुकतात. समोर ‘ग्रब रेस्क्यू>’ आले असेल, तर दुखणे वेगळे आहे. तिथे ग्रबला आपलेच फोल्डर सापडलेले नसते, आणि सिंटॅक्स शोधत बसण्यात अर्थ नसतो.

कारखान्यात परत येतो. मी समजावून सांगत असताना मुलाने शहाणपणाने, बदल करण्याआधी असावी म्हणून, ‘४०_कस्टम’ची एक प्रत ‘४०_कस्टम.बॅक’ या नावाने करून ठेवली. मग ॲपॉस्ट्रॉफी काढली आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवली. पुन्हा तोच संदेश, फक्त ओळ आता २२५. तो हिरमुसला, पण वाढलेल्या अकरा ओळी आपल्याला काहीतरी सांगत होत्या. त्याने स्वतःच नवी फाइल उघडली, तळापासून वर सरकला, आणि ‘### बिगिन’च्या ओळीत त्याला आपल्याच प्रतीचे नाव दिसले. ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’ त्या फोल्डरमधली चालवण्याची परवानगी असलेली प्रत्येक फाइल चालवतो. नावाच्या शेवटी लाटेचे चिन्ह असलेल्या किंवा पॅकेजने मागे सोडलेल्या काही फाइली तो वगळतो, पण ‘.बॅक’ला नाही. प्रत करताना परवानगीही तशीच उतरली होती, आणि जुनी ॲपॉस्ट्रॉफीही.

त्याने ती प्रत आपल्या होम फोल्डरमध्ये हलवली आणि कमांड तिसऱ्यांदा चालवली. या वेळी शेवटी ‘डन’ आले. संगणक पुन्हा सुरू केल्यावर यादीत ॲपॉस्ट्रॉफीशिवायचे ते नाव होते, आणि मालकांनी खुर्ची पुढे ओढून त्यावर एंटर दाबले.